दुसऱ्यांदा विचारलं तर

आपल्या दोन किडन्या नक्की कुठे असतात हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. तोवर त्या पाठीमागे कुठेतरी तोंड मिटून काम करत होत्या आणि मी माझं काम करत होते. मी अमेरिकेत पिस्कॅटवेला राहते, सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून त्या त्यांच्या तोंडावर सांगायच्या, याचा मला पगार मिळतो. ऑफिसात लोक मला जरा वचकून असतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे डॉक्टरांसमोर मान डोलावत बसलेली जी बाई दिसेल तीही मीच आहे.

हे लिहायला मला लॉरेननं सांगितलं. ती कोण ते पुढे येईलच. ती म्हणाली, "तुझ्या भाषेत लिही. तुझ्या भाषेतले पेशंट माझ्यासमोर येतात, 'फाइन, फाइन' म्हणतात आणि घरी जातात. ते कसे आहेत हे मला कधीच कळत नाही."

तर तुमच्या घरात हे आजारपण आलं असेल, तर औषधं, आकडे आणि पथ्यं यांच्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत. मी सांगणार आहे ते एवढंच, की निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा मी कुठे अडकले आणि तिथून बाहेर कशी आले. आणि थोडं अकोल्याबद्दल. ते वगळून हे सांगताच येत नाही.

मेथीची जुडी

फोन आला तेव्हा मी आयसेलिनला ओक ट्री रोडवर, वाणसामानाच्या दुकानासमोर गाडीत बसले होते. पिशवी फाटली होती म्हणून मेथीची जुडी मांडीवर होती. त्याआधी काही महिने पाय सुजत होते, चहाला धातूची चव येत होती, अंगाला खाज सुटायची. मी सगळ्याचं खापर वयावर आणि खुर्चीवर फोडून मोकळी झाले होते. मग मी फॅमिली डॉक्टर बदलल्या, नव्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि आता त्याच बोलत होत्या.

"तुमच्याबरोबर कोणी आहे का आत्ता?" त्यांनी विचारलं.

मेथी आहे, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. भीती वाटली की मला विनोद सुचतात, आणि ते नेहमी चुकीच्या वेळी सुचतात.

दोन्ही किडन्यांचं काम जवळजवळ थांबत आलं होतं. बीपीनं आतल्या आत पोखरलं असावं, असं त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात किडनीच्या डॉक्टरांना भेटायचं होतं. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. समोर एक बाई साडीच्या दुकानातून मुलीला ओढत बाहेर काढत होती आणि मुलीला आणखी बघायचं होतं. मला त्या मुलीचा फार हेवा वाटला.

पहिला फोन नवऱ्याला करायला हवा होता. पण मला आईला सांगायचं होतं. आई अकोल्याला माझ्या धाकट्या भावाकडे, प्रमोदकडे असते. ऐंशी कधीच उलटली आहे. तिला ऐकू येतं ते फक्त उजव्या कानाशी तोंड नेऊन बोललं तर. मशीन आणून दिलं होतं, ते तिनं कपाटात दागिन्यांच्या डबीत जपून ठेवलं आहे. फोनवर तर तिला काहीच ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉलवर ती माझा चेहरा बघते, "जेवलीस का?" विचारते, आणि मी काहीही उत्तर दिलं तरी "बरं, बरं" म्हणते. गेली काही वर्षं आमचं बोलणं एवढंच आहे. त्या डिसेंबरात मी जाणार होते. तिच्या शेजारी बसून, तिच्या कानात, साठलेलं सगळं सांगणार होते.

आता सांगायला केवढी मोठी गोष्ट होती, आणि तो कान अकोल्यात होता.

पहिलं नको

किडनीच्या डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांनी कागदावर चित्रं काढून सगळं समजावलं. किडनी बदलण्याच्या यादीत माझं नाव लागणार होतं, पण नंबर यायला वर्षं जातात. तोवर डायलिसिस. त्याचे दोन मार्ग. एक म्हणजे सेंटरला जायचं, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी कित्येक तास खुर्चीत. हाताच्या शिरेतून रक्त मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं. दुसरा मार्ग घरचा. पोटात एक मऊ नळी बसवायची, तिच्यातून बॅगेतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की काही तासांनी काढायचं, नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, आपलं आपण.

"यात प्रवासही करता येतो," त्या म्हणाल्या. "बॅगा आधी पाठवून ठेवतात."

आधी पाठवून ठेवतात. अकोल्याला?

"तुम्हाला यात इंटरेस्ट आहे का?"

आणि मी म्हणाले, "नो, नो. यू डिसाइड, डॉक्टर. एनिथिंग इज फाइन."

आता हे कुणा अमेरिकन माणसाला समजावणं कठीण आहे, पण तुम्हाला समजेल. आपल्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाहीत. चहा घेणार का? नको. अहो, अर्धा कप? बरं, अर्धा. मग पूर्ण कप येतो आणि तो आपण पितो. पहिलं नको हा फक्त दाराशी चपला काढण्याचा भाग असतो. माझी आई तर पहिलं नको कानावरच घेत नसे, आणि तेव्हा तिचे दोन्ही कान उत्तम होते. पाहुण्यांनी ताटावर हात आडवे धरले तर "हातावर वाढीन हो," म्हणायची आणि पळी खरंच पुढे यायची. आमच्या घरातून कोणी अर्धपोटी गेल्याचं मला आठवत नाही. त्या घरात वाढलेली मी, नको म्हटलं आणि थांबले. आता त्या म्हणतील, अहो विचार तर करा. आता म्हणतील, एकदा बघून तरी या.

डॉक्टरांनी मान डोलावली. "आय रिस्पेक्ट दॅट," म्हणाल्या. आणि सेंटरच्या डायलिसिससाठी लागणाऱ्या, हाताच्या शिरेच्या ऑपरेशनची तारीख बघायला लागल्या.

गाडीत अविनाश, माझा नवरा, हुश्श करून म्हणाला, "चला, बरं झालं. डिसाइड तरी झालं एकदाचं."

"कोणी केलं डिसाइड?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तूच केलंस ना?"

सगळ्यांना माहीत असतं

बातमी आमच्या मराठी मंडळींमध्ये पसरायला एक शनिवार पुरला. एका काकूंनी पुनर्नव्याचा काढा सांगितला. दुसऱ्या मावशींनी सांगितलं की काढा अजिबात घेऊ नकोस. एकांचे दीर डॉक्टर होते, हृदयाचे, पण त्यांनाही किडनीबद्दल मत होतं. सगळे प्रेमानंच बोलत होते. डबे येत होते, आणि त्यातलं निम्मं मला चालत नव्हतं, बटाटा नाही, टोमॅटो नाही, लोणचं तर नाहीच. ते अविनाश खायचा आणि मी बघायचे. सगळ्यांनी मला काहीतरी सांगितलं. तुला काय हवंय, असं मात्र कोणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मी काय म्हणाले असते ते तुम्हाला आता माहीत आहेच.

अविनाश नको इतका कामसू झाला. खुर्चीत पाठीला लावायला उशी आणली, ऑफिसात बोलून ठेवलं, मला सोडायला-आणायला कोण येईल ते ठरवलं. एका संध्याकाळी मी त्याच्यावर उगाचच ओरडले, त्या उशीवरूनच. तो म्हणाला, "मेधा, मी काय करू सांग ना यार. मला दुसरं काय येतं?" आणि बाहेर जाऊन गाडीत बसून राहिला. मला त्याची कीव आली आणि रागही तितकाच आला.

प्रमोदनं अकोल्यात चौकशी केली. तिथल्या सेंटरमध्ये बाहेरून येणाऱ्यासाठी जागा नव्हती. "ताई, नागपूरला बघू का?" त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. ते नको खरं होतं. मला नागपूरच्या खुर्चीत बसून काय करायचं होतं? डिसेंबरचा बेत मोडला.

पुढच्या खेपेला नर्सनं विचारलं, "आमच्याकडे पेशंटना मदत करायला पेशंटच असतात. पीअर कोच म्हणतो आम्ही. ते स्वतः यातून गेलेले असतात. तुम्हाला कोणाशी बोलायला आवडेल?"

"नो, आय ॲम ओके," मी म्हणाले. नर्सनं हसून माहितीपत्रक परत ठेवलं.

माझी मुलगी सई बेलव्ह्यूला असते, नोकरी करते, आणि प्रत्येक अपॉइंटमेंटला हट्टानं स्पीकरवर असते. फोनमधून तिचा आवाज आला, "एक्सक्यूज मी? माय मॉम सेड नो वन्स. दॅट्स नॉट अ नो. प्लीज आस्क हर अगेन."

नर्स गोंधळली. पण तिनं माहितीपत्रक पुन्हा बाहेर काढलं आणि पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं.

"आई," सई म्हणाली, "यू नो यू डू धिस, राइट? लाइक, ऑलवेज?"

मला वाटत होतं या मुलीनं आपल्याकडचं काही उचललेलंच नाही.

लॉरेन

मला मिळालेली कोच म्हणजे लॉरेन. ती शाळेत मुलांना गाणं शिकवायची, आता निवृत्त आहे. उंच, सावळी, केस पूर्ण पांढरे. एकदा किडनी बदलून झाली होती, ती काही वर्षं चालली आणि थांबली. आता ती सेंटरला जाते, मनापासून. "मी एकटी राहते," ती म्हणाली. "घरी एकटीनं ते करायला नको वाटलं मला. तिथे माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी मी राजकारणावरून भांडते. मजेत वेळ जातो."

आम्ही हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात भेटायचो. पहिल्या भेटीत तिनं विचारलं, कशी आहेस? मी फाइन म्हटलं. ती काहीच बोलली नाही. नुसती बसून राहिली, चेहऱ्यावर जराही घाई नाही. मुलांचा सूर लागेपर्यंत थांबायची सवय असावी. ती शांतता मला सहन होईना.

"तू यातून गेलेली आहेस," शेवटी मीच म्हणाले. "तूच सांग ना मी काय करू."

"ते मी सांगायचं नसतं."

मला वैतागच आला. मी घरातली थोरली. आयुष्यभर सगळ्यांचं ऐकून घेऊन सगळ्यांना सांगत आले. आता कोणीतरी मोठ्या माणसानं माझ्या डोक्यावर हात ठेवून, तू अमुक कर, एवढं सांगावं अशी माझी फार इच्छा होती. ती जागा आईची होती आणि आईला ऐकू येत नव्हतं. म्हणून मी या बाईकडे आले, तर ही म्हणते सांगायचं नसतं.

"मी सांगितलं तर माझ्यासारखं करशील," लॉरेन म्हणाली. "मला रविवारी चर्चमध्ये गायला जायचं असतं. मी त्या हिशेबानं ठरवलं. तुला कुठं जायचंय?"

"अकोल्याला," मी म्हणाले. इतक्या पटकन की मलाच नवल वाटलं.

"ते कुठे आहे?"

मी सांगायला लागले. स्टेशनवर उतरल्यावर येणारा वास, प्रमोदच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची गॅलरी, तिथे खुर्चीत बसलेली आई, तिचा उजवा कान. कान सांगताना माझं रडू फुटलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून लांब जाऊन बसला. लॉरेननं कागदी रुमाल दिला आणि पुन्हा थांबली. आजार कळल्यापासून मी पहिल्यांदा रडले होते, आणि ते किडनीसाठी नव्हतंच.

मग मी तिला पहिल्या नकोची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. म्हणाली, तिची आजी दक्षिणेत जॉर्जियात राहायची, तीही कधी विचारायची नाही, सरळ ताटात घालायची. "पण हे लोक एकदाच विचारतात, मेधा. इथे त्यालाच आदर म्हणतात. तुला दुसऱ्यांदा विचारून हवं असेल, तर तसं मागायला लागेल."

आणि तिनं माझ्याकडून तालीम करून घ्यायला सुरुवात केली. ती डॉक्टर व्हायची, मी मीच. मी प्रत्येक वाक्य "सॉरी"नं सुरू करायचे. ती हात वर करून थांबवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. "ऑफिसात चूक सापडली की काय म्हणतेस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सांगते, हे चालत नाहीये, दुरुस्त करा. "सॉरी म्हणतेस?" मी म्हटलं, कशाला? लॉरेननं भुवया तेवढ्या वर केल्या.

एक गोष्ट मात्र तिनं बजावून सांगितली. "विचारशील तेव्हा उत्तर ऐकायची तयारी ठेव. तुला हवं तेच उत्तर येईल असं नाही. आलेलं उत्तर नंतर परत देता येत नाही."

पुन्हा विचारा

शिरेच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. मी डॉक्टरांसमोर बसले, शेजारी अविनाश, फोनमध्ये सई. मी सॉरी म्हटलं नाही. म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही घरच्या डायलिसिसचं विचारलं होतं. ते मला पुन्हा एकदा विचाराल का?"

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "पण तुम्ही नको म्हणाला होतात."

"हो. आमच्याकडे एकदा नको म्हणतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी नीट, पहिल्यासारखंच विचारलं. मी हो म्हटलं. मग माझी आई, अकोला, तिसरा मजला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मला माहीत असतं तर मी सुरुवात तिथूनच केली असती." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडं वाईट वाटल्यासारखं होतं.

मी तयार केलेला दुसरा प्रश्न विचारला. माझ्या बाबतीत काय बिघडू शकतं? त्यांनी काही लपवलं नाही. नळीतून जंतू गेले तर पोटात इन्फेक्शन होतं, ते गंभीर असतं. स्वच्छतेत एक दिवसही ढिलाई चालत नाही. काहींना पुढे सेंटरलाच जावं लागतं. प्रवास लगेच नाही, सगळं स्थिर झाल्यावरच. तेही त्या सांगतील तेव्हा.

तेवढ्यात अविनाश म्हणाला, "नाही, हे घरी नको."

मी त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं संसार केलाय, त्याचं कुठलं नको कसलं ते मला कळतं. हे खरं नको होतं.

"का नको?" मी विचारलं. आणि लॉरेनसारखी थांबले.

"माझ्या हातून काही चुकलं तर?" तो म्हणाला. "सेंटरमध्ये नर्स असते. घरी मी असणार. तुला काही झालं तर मी काय करू, मेधा?" डॉक्टरांसमोर, सई ऐकत असताना, तो रडवेला झाला. फोनमधून सई हळूच म्हणाली, "बाबा, आय विल कम. आय विल लर्न इट विथ यू." सई आली, शिकली आणि आठवड्यानं परत गेली. अविनाश नंतर साबणानं हात धुण्याचा असा काही पुरस्कर्ता झाला की घरी आलेले पाहुणे बेसिनपाशी रांगेत उभे राहायचे.

खोकी

पुढचं थोडक्यात सांगते. नळी बसली, दुखलं, भरलं. ट्रेनिंग झालं. दर महिन्याला बॅगांची खोकी यायला लागली, जेवणाच्या टेबलाखाली, जिन्याखाली, सईच्या खोलीत. वेदना मला सांगता येतात, पण पोटात कायम पाणी बाळगून चालणं कसं वाटतं ते सांगता येत नाही. आरशात बघितलं की रडू यायचं. पण डाळ थोडी जास्त चालायला लागली. पहिल्या दिवशी वाटीभर वरण प्यायले आणि वाटी चाटली, लाज न बाळगता.

एकदा पोटातून काढलेलं पाणी गढूळ आलं. इन्फेक्शन. काही दिवस हॉस्पिटलमध्ये काढले, तापात. अकोल्याचं तिकीट तोवर काढलं होतं, ते कॅन्सल केलं. लॉरेन भेटायला आली. माझा निर्णय चुकला का, असं मी विचारलं. "अजून अकोल्याला जायचंय का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती माझ्या उशाशी बसली आणि अगदी हळू आवाजात गुणगुणत राहिली. गाणं मला माहीत नव्हतं. तेवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

व्हिडिओ कॉलवर आई विचारत राहिली, "जेवलीस का?" मी हाताने खूण करायचे. ती "बरं, बरं" म्हणायची. प्रमोदनं तिला थोडंफार सांगितलं होतं. किती पोचलं होतं कोण जाणे. कॉल संपला की मी काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचे. माणूस समोर दिसतं आणि हाताला लागत नाही, याची मला तेव्हा इतकी चीड यायची की फोन फेकून द्यावासा वाटे.

अकोला

शेवटी पुढच्या जानेवारीत डॉक्टरांनी हो म्हटलं.

बॅगांची खोकी माझ्याआधी पोचली होती. माझ्या वहिनीनं, स्वातीनं, एक खोली रिकामी करून डेटॉलनं पुसून ठेवली होती. पाण्याची बॅग उंचावर टांगावी लागते, तिला मच्छरदाणीचा खिळा अगदी बेताचा निघाला. आई रोज माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि बॅग रिकामी होईपर्यंत तिच्याकडे बघायची, दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी. "दुखून राहिलं का?" विचारायची. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन नाही म्हणायचे. तिच्या केसांना तेच खोबरेल तेल होतं.

मी सगळं सांगितलं तिला. ओक ट्री रोडची मेथी, पहिलं नको, लॉरेन, गढूळ पाणी. थोडं थोडं, रोज. ती ऐकायची, मधेच माझा दंड दाबून बघायची, वाळली किती म्हणायची. सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी आणि भाकरी व्हायची आणि ती एक घास जास्त वाढायची. मी नको म्हणायचे, ती वाढायची. मला जे हवं होतं ते हेच होतं.

प्रमोदनं आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवली होती. "डॉक्टर म्हणतात दोन्ही गुडघे बदलू. आई चालायला लागेल, ताई." मी विचारलं, आईला विचारलंस का? तो म्हणाला, "विचारलं ना. ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं."

हे वाक्य मला चांगलंच ओळखीचं होतं.

पुढे ते ऑपरेशन झालं नाही. प्रमोद आधी चिडला आणि मग त्यालाही हायसं वाटलं, पण ते नंतर. माझ्या निघण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, घरात आम्ही दोघीच होतो. बॅग खिळ्याला होती. मी आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय का तुला?"

"तुम्ही म्हणाल तसं."

मी थांबले. मग दुसऱ्यांदा विचारलं, लॉरेननं मला विचारलं होतं तसं. "आई, गुडघे बरे झाले तर तुला कुठं जायचंय?"

आईनं बॅगेवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. तिला हे कधी कोणी विचारलं नसावं.

"मला कुठं जायचंय बाई आता," ती म्हणाली. "मंदिरात प्रमोद गाडीनं नेते. मला नाही कुठं जायचं. नको ते ऑपरेशन. जाऊन तर तूच राहिली." आणि मग माझ्या हातावर हात ठेवून, "राहतेस का आणखी थोडी?"

कोपऱ्यात खोक्यांपैकी एकच उरलं होतं. बॅगा मी निघेपर्यंत पुरतील इतक्याच होत्या. पिस्कॅटवेला तपासणीची तारीख होती आणि ती चुकवून चालणार नव्हतं. उत्तर ऐकायची तयारी ठेव, असं लॉरेननं मला सांगितलं होतं. द्यायची तयारी कशी ठेवायची ते आमच्या तालमीत झालं नव्हतं.

"नाही गं आई," मी तिच्या कानात म्हटलं. "जावं लागतं. येईन मी परत."

आणि मी थांबले. आता ती पुन्हा विचारेल. म्हणेल, चार दिवसांनी काय होतं, राहा. माझ्या आईनं आयुष्यात कोणाचं पहिलं नको मानलेलं नव्हतं. मला ती पळी पुढे यायला हवी होती, मग मी काहीही उत्तर दिलं असतं तरी.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझा हात दोनदा थोपटला.

"बरं," म्हणाली.

या वेळी तिला सगळं ऐकू आलं होतं.